हळद, चुना आणि तपासनीस साहेब

मी कुंभकोणमच्या ज्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवत असे तिथे विज्ञानाचे सामान म्हणजे दोनच वस्तू होत्या. एक थर्मामीटर आणि एक भिंग. भिंग बहुधा हेडमास्तरांकडे असे, कारण त्याशिवाय त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नसे.

म्हणून मी दर रविवारी आठवड्याची यादी करी. अट एकच, वस्तू घरात किंवा घराजवळच्या गल्लीत मिळाली पाहिजे. हवेच्या दाबासाठी पितळी पेला, पाणी आणि केळीच्या पानाचा तुकडा. पेला काठोकाठ भरायचा, वर पान ठेवायचे, उलटा करायचा आणि हेडमास्तरांपासून लांब धरायचा. हे शेवटचे कलम मी अनुभवानंतर घातले. उष्णतेसाठी दोन पेले कॉफी. एक तसाच ठेवायचा, दुसरा पसरट वाटीत वरखाली ओतायचा आणि कुठला आधी निवतो ते मोजायचे. मोजून झाल्यावर कॉफी कोणाची, यावर वर्गात फार वाद झाला, तेव्हा पुढच्या वर्षीपासून गरम पाणी. एकदा स्वामीमलैच्या मूर्तिकाराकडून मेण आणि माती आणून अंगणात मेणाच्या बेडकावर माती लिंपली, मेण वितळवून काढले आणि त्या पोकळीत शिशाचा बेडूक ओतला. बेडूक तीन पायांचा निघाला. चौथा पाय कुठे अडला यावर मुले तासभर भांडली, आणि तो माझा त्या वर्षीचा सर्वांत चांगला तास होता.

हेडमास्तरांचे मत वेगळे होते.

"रावजी," ते म्हणाले, "मुले घरी जाऊन सांगतात, आज शाळेत बेडूक केला. परीक्षेत बेडूक येतो का? शुक्रवारी तपासनीस साहेब येतात. तुमचा तास त्यांना दाखवू. त्यांनी नाक मुरडले, की सोमवारपासून तुमच्या विज्ञानाच्या दोन तासांना डिक्टेशन. इंग्रजी शुद्ध लिहिता आले तर पोर कुठेतरी कारकून तरी होईल."

त्यांचे सगळेच चूक नव्हते. पण दोन तास गेले असते तर त्या शाळेत विज्ञान उरले नसते, आणि मीही फक्त गणिताचा मास्तर उरलो असतो.

मी मुद्दाम साधा धडा निवडला. हळदीचे पाणी पिवळे, चुना घातला की लाल, लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. आम्ल आणि त्याच्या उलट गुणाचा पदार्थ, दोन्ही डोळ्यांना दिसतात. फुटणार काही नाही, जळणार काही नाही. मी पहाटेच फळा धुवायला जाणार होतो, म्हणून बायकोला यादी लिहून दिली: हळद, चुना, लिंबू, पितळी तबक, तांब्याभर पाणी. शुक्रवारी दहाच्या आत शाळेत पोचावे. साहेब येणार आहेत.

यादीत चूक नव्हती. चूक ही, की ती यादी मी मेलकावेरी भागातल्या आमच्या घरात दिली.

आमच्याकडे हळदीच्या पाण्यात चुना कालवून लाल पाणी करतात. नवरानवरी किंवा मोठा पाहुणा दाराशी आला, की दोन सवाशिणी ते तबकात घेऊन ओवाळतात आणि रस्त्यावर ओतून टाकतात, म्हणजे दृष्ट गेली. देशावरून आलेले पाहुणे हे पाहून बुचकळ्यात पडतात. पण आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे आले त्याला इतकी वर्षे झाली, की आम्ही दृष्टही इथल्यासारखीच काढतो.

साहेबांची घोडागाडी फाटकाशी थांबली, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने माझी बायको आणि वहिनी आल्या. नऊवारी नेसलेल्या, केसांत फुले. तबकात लाल पाणी आणि त्यावर विड्याच्या पानावर पेटलेला कापूर.

मी पोचेपर्यंत तीन वेळा ओवाळून झाले होते. साहेबांनी टोपी काढली होती आणि ते चर्चमध्ये उभे राहावे तसे ताठ उभे होते. वहिनीने त्यांच्या कपाळाला त्याच पाण्याचे बोट लावले. लिंबू गाडीच्या चाकाखाली ठेवले आणि गाडीवान ते चिरडून पुढे गेला. मग वहिनी पाणी ओतायला वळली, घोडा खिंकाळला, ती दचकली, आणि अर्धे तबक साहेबांच्या पांढऱ्या पाटलोणीवर गेले.

"हे मी प्रयोगाला मागितले होते," मी हळूच म्हणालो.

"मग प्रयोग साहेबांवरच ना?" बायको म्हणाली. "साहेब येणार असे तुम्हीच लिहिलेत. हळद, चुना, लिंबू, तबक. आणखी कशाला मागतात हे?"

वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही कापूर लिहायला विसरलात. मी घेतला."

साहेबांनी विचारले, याने काय होते. मी सांगितले, वाईट नजर जाते. त्यांनी फाटकाशी उभ्या हेडमास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सगळी गेलेली दिसत नाही."

वर्गात माझे मेज रिकामे होते. चाळीस मुले, एक ओला साहेब, दाराशी हेडमास्तर. मी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणालो, "साहेब, तासाचे सामान आपल्या पाटलोणीवर आहे. पाय या खुर्चीवर ठेवाल का?"

त्यांनी ठेवला.

मी मुलांना विचारले, हा डाग लाल का? ते सर्वांना येत होते, हळद आणि चुना. आता हा पिवळा करायचा आहे आणि लिंबू रस्त्यावर चिरडले गेले. या खोलीत आंबट काय आहे? दुपारच्या डब्यांवरची फडकी सुटली. चिंचेचा भात निघाला, लोणचे निघाले, आंबट ताक निघाले. "सार, माझे ताक कालचे आहे," एक जण अभिमानाने म्हणाला; इकडची मुले सरांना सारच म्हणतात. त्याचे निवडले. काडीने थेंब थेंब सोडले आणि गुडघ्याखालचा रुपयाएवढा डाग लाल होता तो पिवळा झाला. वर्ग बाकांवर चढला.

"आता माझ्या धोब्याने साबण लावला तर?" साहेबांनी विचारले.

हे मी शिकवले नव्हते. हेडमास्तर छताकडे पाहू लागले.

मधल्या बाकावरचा एक मुलगा उठला. "पुन्हा लाल होईल, सार. माझ्या सणाच्या धोतराला हळद लागली की आई साबण लावते, तेव्हा होते. साबण चुन्याच्या जातीचा असणार."

"हे पुस्तकात आहे?"

"नाही, सार. धोतरावर आहे."

साहेबांनी शाळेचा साबण मागवला, स्वतः घासून पाहिला, आणि डाग लाल झाला तो बराच वेळ वाकून पाहत राहिले. नंतर पाय खाली न घेताच त्यांनी वही काढली.

शेरा दुसऱ्या आठवड्यात आला. हेडमास्तरांनी तो मला भिंगाखाली धरून वाचून दाखवला. विज्ञानाचे तास दोनाचे तीन करावेत, आणि प्रयोगाला लागणारे कापड यापुढे शाळेने पुरवावे.