फिनाइलनं धुतलेली गाडी

आरोग्य केंद्राची जीप मी चौदा वर्षं चालवली. त्या काळात मला सगळ्यात जास्त राग आला तो तालुक्यातल्या एका शेटजींच्या मेटॅडोरचा. शेटजींनी ती भाड्याची रुग्णवाहिका म्हणून काढली होती. पांढरीशुभ्र गाडी, खिडक्यांना निळे पडदे, समोर देवाचा फोटो आणि त्यापुढे उदबत्ती. सीट मऊ, वर नवं रेक्झिन. ड्रायव्हर इस्त्रीचा शर्ट घालायचा, पेशंटच्या म्हातारीला हात धरून वर चढवायचा आणि म्हणायचा, "बसा माय, आरामात बसा." आमच्या दवाखान्यात कुणाला 'माय' म्हणायची पद्धत नव्हती.

आमची जीप म्हणजे अंगी सरकारीपणा मुरलेली. बॅटरी कायम बसलेली, त्यामुळे पेशंट आत निजवला की आधी चार माणसं धक्का द्यायला शोधायची. मागचं दार सुतळीनं बांधलेलं. शिबिराला बाया आणायला तीच, लशीचे डबे न्यायला तीच, साहेबांच्या दौऱ्यालाही तीच. मात्र छताला सलाईन टांगायचा हूक होता, पेशंट पाय उंच करून आडवा नेता येत होता, आणि सोबत सिस्टर बसायची. मेटॅडोरमध्ये यातलं काहीच नव्हतं. पण लोकांना पडदे दिसायचे, हूक कुणाला दिसायचा?

आणखी एक काम जीपकडे होतं. कुणी विहिरीत पडलं, कुणाला साप चावला, की पोलीस आमचीच गाडी मागायचे. पोस्टमॉर्टेमला प्रेत न्यायचं आणि परत आणायचं. शववाहिका हा शब्द आम्ही फक्त परिपत्रकात वाचलेला. अशी खेप करून घरी गेलो की बायको मला अंगणातच आंघोळ करायला लावायची, कपडे बाहेरच भिजवायची. मी कुरकुरायचो, पण आंघोळ करायचो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी दहाला एक माणूस सायकल मारत केंद्रावर आला. माझी भाची, थोरल्या बहिणीची एकुलती एक पोर, पहाटे घरी बाळंत झाली होती. दुसरी खेप, म्हणून सासरीच. मुलगा झाला होता, पण दायीला रक्त थांबवता येईना. मी सिस्टरला घेतलं आणि निघालो. त्या दिवशी जीप पहिल्याच धक्क्याला सुरू झाली.

पोर खाटेवर पांढरी पडली होती. मला बघून म्हणाली, "मामा, मले लय थंडी वाजून राह्यली." तिच्या लग्नात मामा म्हणून तिच्या मागे मीच उभा होतो. सिस्टरनं भराभर इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, बाटली खुंटीला टांगली आणि म्हणाली, "आता इथं एक मिनिटही नको. मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

मी स्ट्रेचर आणायला वळलो, तशी पोरीची सासू, आमची विहीणबाई, दारात आडवी आली.

"भाऊ, काल या गाडीत मुडदा आणला ना तुम्ही?"

आणला होता. विहिरीतला होता, तीन दिवसांचा.

"धुतली ना जी गाडी. चांगली फिनाइलनं धुतली."

"त्याचाच तर वास येऊन राह्यला. ओल्या बाळंतिणीले मी त्या बाकावर निजवू? मंग ती वापस येईन काय?"

सिस्टर ओरडली, तिनं विनवण्या केल्या. विहीणबाई ढिम्म. तिचा धाकटा पोरगा मोटारसायकलवर मेटॅडोर आणायला गेलाच होता. जावई खाली मान घालून उभा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मामा आहे, शिवाय ड्रायव्हर आहे, याचा शब्द शेवटचा. मी म्हणालो, "तुम्ही म्हणता तसं."

अर्ध्या तासानं मेटॅडोर आली. सिस्टर आत चढायला गेली, तर ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "मॅडम, जागा नाई. घरचीच तिघं आहेत, अन् बाळ." "तिले आडवी ठेवा, पाय उंच करा," सिस्टर सांगत होती. "बसवूनच घेऊ माय," तो विहीणबाईला म्हणाला, "झोपली तर गचके बसतीन." गचके कसले! रेक्झिनला डाग लागतील याची त्याला धास्ती होती. पोरीला बसवलं, बाटली जावयाच्या हातात दिली.

आम्ही मागून निघालो. पण या वेळी जीप सुरू व्हायलाच बराच वेळ गेला, आणि मेटॅडोर दिसेनाशी झाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात जावई बाटली छातीशी धरून उभा होता. हाताला रग लागली म्हणून त्यानं वाटेत ती मांडीवर ठेवली होती. नळीत उलटं रक्त चढलं, ते बघून तो घाबरला आणि त्यानं सुई उपसून काढली. पुढचा रस्ता पोर बसल्या बसल्या रिकामी होत गेली. सगळ्यांना वाटलं, तिला झोप लागली. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, पण हाती काही लागलं नाही.

मयत न्यायला मेटॅडोरवाल्यानं नकार दिला. तेव्हाही त्याचं बोलणं गोडच होतं. पोरीला मी जीपमध्ये निजवलं. या वेळी मागचं दार विहीणबाईनंच धरलं.

वाटेत सिस्टरनं विचारलं, "तुम्ही काऊन नाई बोलले? तुमचं ऐकलं असतं त्यायनं."

"सासरच्यांपुढे मामाचं काय चालते?" मी म्हणालो.

ते खोटं होतं. गावाच्या वळणावर मेटॅडोर येताना दिसली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. विहीणबाई जे मोठ्यानं बोलली, तेच माझ्या पोटात होतं. एवढी वर्षं ज्या बाकावर जगवायला माणसं नेली, तिथं माझी पोर निजवायला मीच भ्यालो.

माझी बहीण मरेपर्यंत विहीणबाईला शिव्याशाप देत राहिली. दर दिवाळीला मी तिच्याकडे जायचो, पाटावर बसायचो, आणि ओवाळताना ती नव्यानं रडायला लागली की "हो ना, त्या बाईनंच मारली" म्हणायचो.