चिन्हवाल्या मॅडम

असमानतेच्या दोन्ही बाजूंना गुणायला खडू उचलला की मागून आवाज यायचा, "थांब. कशाने गुणतेयस? तिचं चिन्ह बघितलंस का?" गुणणारी संख्या ऋण निघाली तर असमानता उलटी होते, हे आम्हाला शाळेपासून पाठ होतं. तरी त्या आवाजाने हात थबकायचाच. पुण्यात वारज्यातल्या मॅडमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही काही मुलं गणित स्पर्धेच्या तयारीसाठी जमायचो. आपापसात त्यांना चिन्हवाल्या मॅडम म्हणायचो.

कॉलेजातून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, कौतुकाच्या बाबतीत अगदी चिकट. सिद्धता बरोबर असली तर "चालेल", सुंदर असली तर "बरं, चालेल." एकाने वहीत 'हे उघडच आहे' असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "उघड असेल तर दोन ओळींत लिहून टाक. नसेल तर माझ्यापासून लपवू नकोस."

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मांजरीहून बस बदलत यायचे. पहिल्याच रविवारी उशीर झाला. घाबरत म्हटलं, "मॅडम, मांजरी फार लांब आहे हो." "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून तर अजून फळा कोरा आहे." सगळे खरंच माझ्यासाठी थांबले होते.

अकरावीत असताना मी स्पर्धेची मोठी परीक्षा दिली. आयोजक निरनिराळ्या शिक्षकांकडून प्रश्न मागवत. त्या वर्षी मॅडमचा एक प्रश्न निवडला गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. निकाल लागला. बाहेरगावच्या शिबिरासाठी निवडलेल्यांच्या यादीत शेवटचं नाव माझं होतं. मार्केट यार्डात एका गाळ्यावर काम करणाऱ्या माझ्या बाबांनी सगळ्या आळीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना दारात रिक्षा थांबली आणि मॅडम उतरल्या. आई पेढ्यांचा डबा घेऊन धावली. मॅडमनी हात जोडले. "आधी मला बोलू द्या. मग द्यावासा वाटला तर द्या."

त्यांनी पर्समधून प्रश्नपत्रिका काढली आणि माझ्यासमोर धरली. 'a आणि b या शून्येतर वास्तव संख्या असतील तर a²/b + b²/a ≥ a + b हे सिद्ध करा.' हाच प्रश्न मी सोडवून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

"प्रज्ञा, a म्हणजे उणे एक, b म्हणजे उणे दोन. कर."

मी मनातच केलं. डावीकडे उणे साडेचार आलं, उजवीकडे उणे तीन. पुन्हा केलं. तेच आलं. डावी बाजू लहान होती. विधानच खोटं होतं. मी ते सिद्ध करताना ab ने गुणलं होतं.

"'धन वास्तव संख्या' असं हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "'धन' शब्द राहिला. छपाईचं प्रूफ मीच वाचलं होतं. एका मुलीने हेच उदाहरण देऊन 'विधान असत्य आहे' असं लिहिलं. तिला शून्य मिळालं. आज सकाळी आयोजकांकडे उत्तरपत्रिका चाळताना मी ते पाहिलं. गुण सुधारले की ती यादीत येते आणि प्रज्ञा बाहेर जाते."

बाबा उठून उभे राहिले. "चूक तुमची हाय ना मॅडम?"

"हो. पूर्ण माझी."

"मग पोरीला का शिक्षा? दोघींना न्या की."

"सकाळपासून आयोजकांशी तेच भांडून आलेय. जागा वाढवत नाहीत. उलट चूक दाबून टाका असंच सांगत होते. मी चूक लेखी देऊन आले."

"आमच्या घरात येऊन हे सांगता?" आईचा आवाज चिरकला.

"फोनवर सांगायची हिंमत झाली नाही," मॅडम म्हणाल्या. पर्सची चेन त्यांना लावता येईना. कुणी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. त्या निघाल्या तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आईने बजावलं, त्या बाईच्या दारात पाय ठेवायचा नाही. दिवाळीपर्यंत मी गेले नाही. मग एक गणित अडलं. ते विचारायला दुसरं कुणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुणाला विचारायचंही नव्हतं. बेल वाजवली. मॅडमनी दार उघडलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "चप्पल आत काढ. हल्ली खालचं कुत्रं वर येतं." आणि फळ्याकडे वळल्या. त्या दिवसाबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. आयोजकांनी पुन्हा त्यांच्याकडून प्रश्न मागवला नाही. मला शिबिराची संधी पुन्हा मिळाली नाही.

आता मी आयटीत आहे. मागच्या वर्षी मॅडम पुणं सोडून लेकीकडे नागपूरला कायमच्या गेल्या. सामान बांधायला मी गेले होते. हॉल रिकामा झाला, फळा उतरवला, भिंतीवर त्याचा फिकट चौकोन उरला. तेव्हा इतकी वर्षं गिळलेलं तोंडून निघालं.

"मॅडम, तेव्हा तुम्ही बोलला नसतात तर कुणालाच कळलं नसतं."

त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुणालाच कसं? त्या मुलीला कळलेलंच होतं."

मग पट्टीचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "धर घट्ट."