कात्री नसलेले उंदीर

मी अमेरिकेला निघाले तेव्हा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर आईने शेवटचं विचारून घेतलं, "उंदीर बघाया येवढ्या लांब जायाचं? आपल्या माळ्यावर काय कमी हायत गो?" सोडायला आलेली अख्खी वाडी हसली. आबा, म्हणजे माझे वडील, तेवढे हसले नाहीत. "एक वर्साचं काम हाय. येल ती," त्यांनी कंडक्टरला बजावलं, जणू परतीचं तिकीट तोच फाडणार होता.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बॉस्टनला माझं काम पांढऱ्या पेशींवर. या पेशी जंतू ओळखतात, आणि ओळखायचं हत्यार प्रत्येक पेशी स्वतः घडवते: कोवळ्या वयात आपल्याच डीएनएचे तुकडे कापून, नव्याने जोडून. कापणारी कात्री म्हणजे एक एन्झाइम. पण डीएनएचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असली तर कात्री तिथे पोचतच नाही. प्रश्न एवढाच होता, की गुंडाळी आधी सैल होते, की कात्रीच येऊन ती सैल करते? वर्षअखेरीस उत्तर दिसलं तर फेलोशिप वाढेल, नाहीतर सामान बांध, असं आमच्या बॉसबाईंनी सांगून ठेवलं होतं.

आठ महिने मी धडधाकट उंदरांच्या पेशी तपासत बसले. गुंडाळी सैल दिसे, पण कात्रीही तिथेच हजर! कुणी काय केलं ते कळायचं कसं? बॉसबाई भराभर काहीतरी सुचवत, आणि मला ओ की ठो कळलेलं नसताना मी "येस, येस" म्हणत मान डोलवी.

दर रविवारी सकाळी आबा वाडीवरून दोन तास उतरून पोलादपूरच्या एसटीडी बूथवर येत आणि मी तिथे फोन करी. एकदा रडकुंडीला येऊन मी सगळं रामायण सांगितलं. ऐकून ते म्हणाले,

"आपल्या नाचणीत गुरं शिरलेली, आठवतं? कवाड गुरांनी ढकललं का कुणी माणसानं काढलं, यावरनं भांडान. मी काय केलं, चार दिस गुरं गोठ्यातच बांधली. तरी सकाळी कवाड उघडं! मंग? माणसाचंच काम ना? तुझी ती कात्री बांधून ठेव की गो!"

मी कपाळावर हात मारला. कात्रीचं जनुकच नसलेले उंदीर आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होते! सोमवारी बॉसबाईंना ही माझी थोर कल्पना ऐकवली. "फेब्रुवारीपासून मी दुसरं काय सांगतेय?" त्या म्हणाल्या.

मग त्या उंदरांच्या कोवळ्या पेशींवर डीएनए खाणारं दुसरं एन्झाइम जपून सोडलं. सैल भाग ते आधी खातं, आणि एक्स-रे फिल्मवर त्या भागाची काळी पट्टी फिकी पडते. फिल्म हातात आली. कोवळ्या पेशींची पट्टी ठळक, आणि ही कापाकापी कधीच न करणाऱ्या, तुलनेला घेतलेल्या यकृताची गायब. सगळंच उलटं! मी पाच मिनिटं रीतसर रडले. मग फिल्मचा खुणेसाठी कापलेला कोपरा भलत्याच बाजूला दिसला. या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, फिल्म पालथी धरली होती, डावं ते उजवं दिसत होतं! सुलटी केली, तर यकृताची पट्टी जशीच्या तशी आणि कोवळ्या पेशींची पुसलेली. कात्री नव्हतीच, तरी गुंडाळी उघडी! आधी उघडतं, मग कापलं जातं! मी "उघडलं, उघडलं!" असं ओरडत कॉरिडॉरभर धावले. लोकांनी घाबरून खिडक्या तपासल्या.

रविवारच्या फोनवर श्वास न घेता सांगितलं, "आबा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं! फेलोशिप आणखी तीन वर्षं वाढली!"

"लय भारी! लय भारी गो!" ते बूथमध्ये ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "मंजे यंदा येत नाय ना तू?"

एवढी शिकलेली मी, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हरून घरी जावं लागेल याचीच धास्ती मी वर्षभर घेतली होती.

"नाय, आईला काय सांगू म्हणून इचारलं," तेच घाईने म्हणाले.

वाडीच्या पोरांनो, तुमच्यातले कुणी आता पुण्याला, कुणी दुबईला, कुणी अजून वाडीवरच. त्या रविवारनंतर आबांनी गुरांचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, आईच्या कंबरेचं सांगितलं, पण "कधी येतेस" हे मरेपर्यंत विचारलं नाही. मला अडचण नको म्हणून. माझं घर म्हणजे त्यांचं ते न विचारणं. आता विचारणारंच कुणी नाही, तरी इथे अमेरिकेत सुट्टी मंजूर झाली की मी आधी वाडीकडे यायचं तिकीट काढते आणि मग तुम्हाला कळवते.