गयाकाकूनं कबूल केलेला चटका

हे मी कुणापाशीच बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई, लेकीपाशी न्हाई. देवापाशी सुद्धा न्हाई — देवापुढं उभी राहिले की दुसरंच काहीतरी मागते अन् मोकळी होते. आता ऐंशी ओलांडली. तुमी माझे कुणी न्हाईत, म्हणून तुमच्यापुढं जीभ वळायली असंल.

आमचं घर लय मोठं. ताडकळसापासून पाच-सहा कोसांवर, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला. चार चुलते, त्यांच्या बायका, माघारी आलेली एक आत्या, अन् आमी सतरा-अठरा लेकरं. राज निजामाचं. थोरले चुलते — आमी त्यांना आबा म्हणायचो — रागावले की उर्दूत बोलायचे. आमाला उर्दू येत नव्हती, म्हणून त्यांच्या शिव्या आमाला गोडच लागायच्या. आत्याला तपकिरीचा नाद. भजनाला बसली की नेमकी आरतीच्या वक्ताला शिंकायची.

आता आमी चुलत भावंडं कुणाच्या लग्नाला, कुणाच्या तेराव्याला एकत्र आलो की हेच सांगत बसतो. नातवंडं भोवती. तेच किस्से, तीच माणसं, अन् दर वेळी तितकंच हसू. अन् शेवटी कुणीतरी काढतंच — ती चटकेवाली गयाकाकू. सोनपेठची. मग माझा हात पुढं वढतात. मनगटापासून कोपराकडं गेलेला लांब वळ हाय, तो नातवंडांना दाखवतात. "बघा रे, कशी असंल ती बाई," म्हणतात. अन् माझा धाकटा भाऊ माधू — आता तोही म्हातारा झाला — तो सगळ्यात जोरात सांगतो. "ताईनं हात पोळून घेतला, म्हणून मी माझ्या आईच्या कुशीत राहिलो. न्हाईतर गेलतो त्या कैदाशिणीच्या घरी." दर भाऊबीजेला मला लुगडं आणतो. एकदा पायावर डोकं ठेवलं त्यानं माझ्या. मी काय करावं? मी हात काढून घेत न्हाई. गप बसते. कधी कधी — हे पण सांगून टाकते — कधी कधी मी पण दोन शब्द घालते.

माधू झाला तवा मी आठ वर्षांची. आईच्या मागं घरातल्या भाकरी, धुणं, शेण — लेकराला घ्यायला तिला सवड कुठं? तो माझ्याच कडेवर वाढला. माझ्या कमरेला त्याच्या पायांची सवय झाली होती. तो झोपला अन् कड रिकामी झाली, की मला चालताना तोल गेल्यासारखं वाटायचं. हे मी सबब म्हणून सांगत न्हाई. सबब न्हाईच ती.

तिसरे चुलते किसनकाका सोनपेठला कापडाचं दुकान चालवायचे. लग्नाला बारा वरसं झाली, गयाकाकूची कूस उजवली न्हाई. दुसरी बायको करा म्हणून त्यांच्या मागं सगळे लागले होते. आबांनीच तोड काढली — घरातलंच लेकरू द्यावं, रक्त घरातच राहील. लेकरू कोणतं, तर आमचा माधू. दीड वर्षांचा. पौर्णिमेला पोखर्णीला नरसिंहाच्या दारात काकूच्या ओटीत घालायचं ठरलं. बाप आबांच्या शब्दाबाहेर नव्हता, आईनंही होकार दिला. मोठ्या घरात धाकट्या जावेला कोण विचारतंय? मला तर कुणीच विचारलं न्हाई.

काका-काकू आठ दिस आधीच आले. काकूनं माधूसाठी कुंची शिवून आणलती, हिरव्या खणाची. तिला लेकरू घेता सुद्धा येत नव्हतं नीट. भरल्या घागरीसारखं दोन्ही हातांनी धरायची. मी बघत राहायची. हीच बाई माझा माधू नेणार.

त्या दिवसांत मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं. तुमी गुऱ्हाळ बघितलं असंल तर तुमाला ठाऊक, लेकरं रताळ्याला दोरी बांधून उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीत सोडतात. रसात शिजलेलं रताळं — त्याला तोड न्हाई. पण पाक धरायला आला की गूळ करणारा गुळव्या कुणाला जवळ येऊ द्यायचा न्हाई. अन् कडेवर लेकरू घेऊन काहिलीपाशी जायचं न्हाई, ही तर आईची सक्त ताकीद. मी गेले. गुळव्याची पाठ फिरली होती. माधू कडेवर, दोरी हातात. वाकले, अन् पाकाचा बुडबुडा फुटला. मनगटावरून कोपराकडं वघळला. माधूला एक थेंबही लागला न्हाई — पण लागला असता.

मी माधूसकट चिपाडांच्या गंजीमागं जाऊन तोंडात पदर कोंबून रडायले. तिथं मला कुणी गाठलं? गयाकाकूनं. ती गड्यांच्या भाकरी घेऊन आलती, काहिलीपाशी झालेलं तिनं लांबून बघितलं होतं. काही विचारलं न्हाई तिनं. बांधावरची कोरफड मोडली, गर लावला, नेसत्या लुगड्याचा काठ टरकावला अन् हाताला बांधला. वर फुंकर घालत बसली. म्हणली, "आईला इतक्यात सांगू नकू. मारंल तुला. मीच सांगते तिला, सबुरीनं." लुगडं चांगलं होतं तिचं. नवं होतं.

सांजच्याला आईनं फडकं बघितलं. हे कुणी बांधलं? काकूनं. हात कशानं पोळला?

आता बघा, इथं मी जरा थांबले होते. किती थांबले असंल — भाकर उलटायला लागतो तितका वेळ. त्या वेळात मला सगळं दिसलं. खरं बोलले तर मार. अन् माधू जाणार. खोटं बोलले तर? मी म्हणले, "काकूनं चटका दिला. उलथण्यानं. मी माधूला देत नव्हते म्हणून."

एवढंच. एवढंच बोलले मी. लेकरू कशाला खोटं बोलंल? वळ पण लांबच होता, उलथण्याच्या धारेसारखा. अन् काकूच्या लुगड्याचा काठ माझ्याच हाताला. बायका म्हणल्या, चटका दिला नसता तर नवं लुगडं कशाला फाडलं असतं? गुन्हा झाकायलाच की. तिनं केलेली माया तिच्याच अंगावर साक्ष म्हणून उभी राहिली. वांझेला काय ठाऊक लेकराचं दुखणं — हे तर प्रत्येकीच्या तोंडावर तयारच होतं.

दुसऱ्या दिशी सकाळी आबांनी सगळ्यांना अंगणात बसवलं. काकू उभी. तिनं एकदाच सांगितलं, "मी न्हाई दिला. पोरीलाच विचारा." अन् माझ्याकडं वळली. "कौसे, सांग बाई. कसं झालं ते सांग." आवाज चढवला न्हाई. अन् बघा, तिनं सुद्धा काहिलीचं नाव घेतलं न्हाई. तिला ठाऊक होतं ना — तिनं बघितलं होतं माझ्या कडेवर माधू होता ते. ते माझं मला सांगू देत होती.

मी म्हणले, "काकूनंच."

आबा कडक माणूस, पण इमानी. एका पोरीच्या शब्दावर घरातल्या सुनेला दोषी धरायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणले, "माधूच्या डोक्यावर हात ठेव अन् सांग." आमच्यात लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत न्हाई. बोललं तर ते लेकरू जगत न्हाई. हे आमाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. मलाही ठाऊक होतं. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आईनं माधूला पुढं धरलं. मी हात उचलला.

त्याच्या टाळूवर माझा हात पडायच्या आधी काकूचा हात पडला. तिनं त्याचं डोकं झाकून घेतलं, दोन्ही तळव्यांनी. म्हणली, "लेकराच्या जिवाशी खेळू नका. मीच दिला चटका. मी दिला."

किसनकाका उठून गोठ्याकडं गेले. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या दिशी पाचही मुखांनी काकूलाच दोषी धरलं, अन् त्यातलं पहिलं मुख माझं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून गावात बोभाटा करायचा न्हाई असं ठरलं. माधू आईपाशी राहिला. त्याच उन्हाळ्यात काकांनी दुसरी बायको केली. गयाकाकूला ताडकळसाला भावाच्या घरी पोचवलं. तिथं ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. कापडवाल्याची बायको.

सगळे म्हणतात, तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. म्हणून आजवर कुणाला शंका आली न्हाई. चुलत भावंडांत इतके शिकलेले झाले, एक तर वकील झाला, पण कुणी विचारलं न्हाई की मग ती एवढ्या घाईनं त्याच्या डोक्यापाशी का धावली. मी विचारलं. मीच, मला. तिनं हात मधी घातला नसता तर मी थांबले असते का? लय वरसं मी स्वतःला सांगत आले की थांबले असते. न्हाई. मी थांबले नसते. मला माधू पाहिजे होता, अन् त्याच्याच डोक्यावर मी हात ठेवला असता. त्या अंगणात त्याच्या जिवाला भ्याली ती एकटी काकू.

माझं लग्न झालं ते ताडकळसाच्या जवळच, पलीकडच्या गावात. निजामाचं राज अजून होतं, रझाकारांची धामधूम सुरू व्हायची होती. माझा पहिला पोरगा सहा महिन्यांचा. सासूबरोबर बाजाराला गेलते. मिरच्या घेताना शेजारी कुणीतरी उभं राहिलं. वळून बघितलं तर गयाकाकू. वाळलेली, बोटांना कापसाच्या बोंडांचे वरखडे. तिनं मला लगेच वळखलं.

"कौसा न्हवं? माधू कसा हाय?" पहिलं तिनं हेच विचारलं. बरा हाय म्हणले. "शाळंत जायलाय का?" जायलाय म्हणले. मग तिनं माझ्या पोराकडं बघितलं. तिचा हात थोडा उठला. अन् तिनं तो आपला आपणच पदराखाली घेतला. चटकेवाल्या बाईनं दुसऱ्याच्या लेकराला हात लावू नये, हे ती शिकली होती. मी शिकवलेलं.

पोरगं तिच्याकडं झेपावलं. वरसाच्या आतली लेकरं कुणाकडंही जातात. नुसतं पुढं केलं असतं मी त्याला. काही बोलायचीही गरज नव्हती. सासू माझ्याकडंच बघायली होती. मी पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"कोण गं ही बाई?" सासूनं विचारलं.

"कुणी न्हाई," मी म्हणले. "आमच्या गावाकडची हाय."

काकू दोन हातांवर उभी होती. तिनं ऐकलं. मिरच्यांच्या ढिगाला वळसा घालून ती गर्दीत निघून गेली, अन् मी मिरच्या पदरात घेतल्या.