आत्याचं सीताफळाच्या बियांचं औषध

जयपुरात सीताफळ आवडीने खाणारे हजारो असतील, पण ते केवळ बियांसाठी खाणारी माझी आत्या एकटीच. तिचे यजमान, म्हणजे काका, रेल्वेत, सोलापूरहून बदलीने इथे आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. शेजाऱ्यांकडची लसणाची सालं, पपईची पानं, कडुनिंबाचा पाला सगळं पिकांवरच्या किडीच्या औषधासाठी आत्याच्या अंगणात मडक्यांमध्ये कुजत असे, आणि पाहुण्यांचं पहिलं स्वागत तो वासच करी. कोणाच्या लग्नात ती हमखास सीताफळाच्या रबडीपाशी डबा घेऊन उभी. "भैया, बीज फेंकना मत." मी एकदा लाजून लांब सरकलो, तर मलाच हाक मारून दुसरा डबा धरायला लावला. बिया वाटताना एकदा डोळे सुजले, तेव्हापासून ती काकांचा स्कूटरवरचा गॉगल लावून वाटायला बसे.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. जयपूरजवळच्या आमेरहून भाजी आणणाऱ्या कमलाजी एका सकाळी रिकामी टोपली घेऊन आल्या. फ्लॉवरवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला होता, आणि विषारी औषध फवारताना नवरा शेतातच चक्कर येऊन कोसळला होता. आता तो फवारणीच्या पंपाला हात लावत नव्हता. दुसऱ्याच दिवशी आत्या मांडीवर बियांच्या पाण्याची बादली घेऊन आमेरच्या बसमध्ये, शेजारी मी. कंडक्टरने विचारलं, तर म्हणाली, "कीडों का खाना है."

"कचरे से कीडा मरेगा?" कमलाजींचा नवरा हसला.

"एक क्यारी दे दो. नहीं मरा, तो मैं हाथ से चुनूँगी."

आत्याने बियांचं पाणी फवारलं, पण मावा मेला नाही. आत्या शब्दाला जागली. तीन दिवस त्या वाफ्यात बसून एकेक पान पुसत राहिली. पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की फ्लॉवरच्या गुळगुळीत पानावर पाणी टिकतच नाही, मोत्यांसारखं ओघळून जातं. चौथ्या दिवशी तिने बियांच्या पाण्यात रिठ्याचा फेस मिसळला आणि पानांच्या खालूनही फवारलं. आठवड्याभरात वाफा स्वच्छ झाला. कमलाजींच्या नवऱ्याने उरलेलं सगळं शेत तिला दाखवलं. परत येताना आत्या बसमध्ये अशी ताठ बसली होती, की मी खिडकीची जागाही मागितली नाही.

आत्याला जाऊन आता काही वर्षं झाली. परवा आमेरला गेलो, तर कमलाजींनी एक फ्लॉवर काढून माझ्या हातात ठेवला. "पूरे गाँव को सिखा गईं बाईजी," म्हणाल्या. तो फ्लॉवर दोन दिवस घरी ओट्यावरच होता. चिरायला हात धजत नव्हता.