तात्यांच्या ओळी

"वाच. अर्थ लावू नको, नुसतं वाच," असं मला सांगून, पडद्यावरचा कोड ऐकताना तात्या डोळे मिटायचे. मिटले काय नि उघडे ठेवले काय, मधुमेहानं त्यांची नजर जवळजवळ संपवलीच होती.

बारामतीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात तात्या यंत्राचं बोलणं संगणकाला समजावून देणारे प्रोग्रॅम लिहीत. अशा प्रोग्रॅमना ड्रायव्हर म्हणतात. गावाकडं कुणी कामधंदा विचारला की तात्या म्हणत, "ड्रायव्हर लिव्हतो." पुढचा प्रश्न तुम्हीही हाच केला असता, "कंच्या गाडीवर?" तात्या गंभीरपणे सांगत, "बॉयलरवर."

एका हंगामात इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचा संगणक जळाला. नव्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली. बॉयलरचं पाणी आणि दाब दाखवणारं, संगणकात बसवायचं कार्ड मात्र वाचलेलं, जुनंच होतं, त्याचा ड्रायव्हरही तात्यांचा जुनाच. तो सिस्टिममधल्या ज्या फंक्शनांना, म्हणजे तयार आज्ञांना, हाक मारायचा, ती नव्या सिस्टिममधून काढून टाकलेली. आकडे दिसेनात, बॉयलर पेटेना. फाटकाबाहेर उसाच्या ट्रॉल्या उन्हात वाळत होत्या.

दोन दिवस मी कारखान्यात बसून जुन्या हाका काढून नव्या घालत होते. ड्रायव्हर चालायचा, पण कार्ड बंद करायला गेलं की सगळा संगणक गोठायचा. गोठलेल्या आकड्यावर बॉयलर कोण चालवणार?

"मॅडम, जमत नसंल तर तसं सांगा," चीफ इंजिनिअर म्हणाले.

मी बाहेर जाऊन रडले आणि तात्यांना फोन केला. ते एकटे एसटीनं आले, भिंत चाचपत कंट्रोल रूममध्ये पोचले आणि खुर्चीत बसले.

"वाच."

मी वाचत गेले. तासाभरानं त्यांनी हात वर केला.

"थांब. टायमर बंद करायच्या आधी कुलूप लावलंयस?"

"हो." टायमर ठरावीक वेळानं आकडा वाचायचा; त्या वेळी मधे दुसरं कुणी येऊ नये म्हणून कोडात कुलूप असतं.

"हितंच हाय. जुनं फंक्शन टायमरला थांब म्हणायचं नि निघून जायचं. नवं त्याचं हातातलं काम संपायची वाट बघतं. टायमर कुलपाची वाट बघतोय, आन् कुलूप तूच धरून बसलीयस, पोरी. आधी सोड."

कुलूप सोडायची एक ओळ वर नेली. कार्ड बंद झालं, पुन्हा चालू झालं, संगणक गोठला नाही. पडद्यावर दाब दिसू लागला.

"किती दावतंय?" तात्यांनी विचारलं. मी आकडा वाचला. पडद्याकडं तोंड करून ते म्हणाले, "आता मला नुसता उजेड दिसतो गं. डोक्यात सगळं हाय, पर हाताला काय लागत न्हाय." चष्मा काढून ते सगळ्यांदेखत रडले.

त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. सुप्याला बहिणीकडं राहायला गेले. उन्हाळ्यात मी भेटायला गेले, तोवर तो ड्रायव्हर नव्यानं लिहायचं उरलेलं काम मी संपवलं होतं.

"माझ्या किती ओळी राहिल्या त्यात?"

खोटं बोलावंसं वाटलं. "एकही नाही, तात्या."

"चालतंय नव्हं?"

"चालतंय."

"मग झालं."

बहिणीनं ओट्यावर चहा ठेवला. कप उजवीकडं होता, तात्या डावीकडं चाचपत होते. मी कप उचलायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "घावंल माझा मला."

चहावर साय धरली, तरी त्यांचा हात ओट्यावरून फिरतच होता.