नोकरीची स्थळं आणि आमचे मामा

नकार द्यावा तर तो आमच्या मामांनीच. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात इतका गोड नकार दुसऱ्या कोणाला जमला नाही आणि पुढे जमेल असंही मला वाटत नाही. नकार मिळालेला माणूस चहा पिऊन, पान खाऊन, वर मामांचेच आभार मानून घरी जायचा. मामांचं दुकान कापडाचं, पण जीव सगळा सोयरिकी जुळवण्यात. नात्यातल्या निम्म्या लग्नांत मध्यस्थ तेच. गिऱ्हाईक समोर लुगडी पसरून बसलेलं असायचं आणि मामा त्याच्या पुतणीची पत्रिका कुठे अडली याच्या चौकशीत रंगलेले असायचे. लुगडं शेवटी मामीच विकायची.

माझे आईवडील लवकर गेले. मला वाढवलं मामा-मामींनी, आणि त्यांना दुसरं मूल नाही. इंजिनिअर होऊन मी वर्ध्यातच एका कॉलेजात शिकवायला लागलो. मनातून मात्र बाहेर पडायचं होतं. मोठं काम करायचं होतं. पण ते तोंडातून काढायची हिंमत होत नव्हती. म्हणून दोन हजार चारच्या सुमारास नुसतीच गंमत म्हणून नोकऱ्यांच्या एका वेबसाइटवर स्वतःची माहिती टाकली. झालं! ओळख ना पाळख, पुण्या-बंगळूरहून रोज मेल यायला लागले. वाचले तर मोह होईल म्हणून ते मी न वाचताच उडवतो हे कळल्यावर मामा हादरलेच. “चालून आलेल्या स्थळाले उत्तर नाई? अरे बाप्पा, उद्या त्याच दारात जायची पाळी आली तं कोन्तं तोंड दाखवशीन?”

तेव्हापासून दर रविवारी सिंदी मेघेच्या आमच्या घरून स्कूटरवर आम्ही दोघं वर्धा गावातल्या इंटरनेट कॅफेत. मामा शेजारी स्टूल ओढून बसत, मेल वाचून घेत, उत्तर वऱ्हाडीत सांगत, आणि त्याचं इंग्रजी करताना माझी त्रेधा उडे. आधी आभार, मग नकार, शेवटी समोरच्याचं भलं चिंतायचं; दार आपटायचं नाही, नुसतं लोटून घ्यायचं. ‘यंदा कर्तव्य नाही’ हे इंग्रजीत कसं लिहायचं यावर आम्ही एक पूर्ण रविवार घालवला होता. एका मेलची सुरुवात ‘प्रिय उमेदवार’ अशी होती. मामा भडकले. “पोराचं नाव मालूम नाई अन् मागनी घालून राह्यला!” तरी उत्तर गेलंच. एकाने पहिल्याच मेलात पगाराची अपेक्षा विचारली. “देन्याघेन्याचं पह्यल्या बैठकीत? लोकं उतावीळ दिसून राह्यले.” फक्त एकालाच उत्तर गेलं नाही. नोंदणीचे पैसे आधी भरा म्हणाला होता तो. “हुंडा मांगते! बंद कर ते.”

मजकूर जरा बरा वाटला की मामा तीन प्रश्न पाठवायला लावत. आधीचा माणूस काऊन सोडून गेला? वरचा साहेब स्वभावाने कसा? जेवायची सोय काय? यानंतर तिकडून कधी कोणाचं उत्तर आलं नाही. मामा म्हणत, चौकशीले घाबरते ते घर आपल्या कामाचं नाई.

आणि एका रविवारी आलं. पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंनी तिन्ही प्रश्नांची शिस्तीत उत्तरं दिली होती. आधीचा माणूस त्याच कंपनीत वर चढला, साहेब ओरडतात पण मनात काही ठेवत नाहीत, डबा मात्र आपला आपण आणायचा. मी वाचून दाखवलं. मनात ‘हो म्हणा’ चाललं होतं, तरी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मामा, नेहमीसारखा नकार लिहू ना?”

मामांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “नुस्ता नकार देनं कोनालेबी जमते बाप्पा. चांगलं स्थळ वळखता आलं पाह्यजे. लिही, पोरगा येऊन राह्यला म्हना.”

स्टेशनवर मामीने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला. मी म्हटलं, अहो, मी नोकरीला चाललोय, सासरी नाही. कोणी हसलं नाही. “कुरकुर करजो नको,” मामा म्हणाले, “दिवाळीले येजो.” गाडी हलली तसे ते खिडकीशी चालायला लागले आणि ओरडले, “कोनी काई बोललं तं मले सांगजो!”

पुण्यात मी पाच वर्षं रमलो. आगंतुक मेलांना मी अजूनही मामांच्या पद्धतीनेच उत्तर देतो. सोबतचे हसतात, हसोत बापडे. परवा मात्र नागपूरहून एक मेल आला. नागपूर म्हणजे वर्ध्याच्या घरून रोज जाण्याजोगं. मी मामांना फोन लावला. त्यांनी तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने विचारले. ते मी मेलातच विचारून ठेवले होते; तिन्हींची उत्तरं चांगली होती.

“काय लिहू, मामा?”

“तूच पाह्य बाप्पा,” ते हळूच म्हणाले. “नकार कसा देत असते, ते मले आता आठवूनच नाई राह्यलं.”